लाखभर उपकरणं मोबाइल नेटवर्कवर टाकण्याआधी: सिम, देशोदेशीचे नियम आणि पुढच्या दहा वर्षांचं नियोजन

मीटर, ट्रॅकर अशा दहा उपकरणांचा प्रयोग कुठल्याही सिमवर चालतो. हाताशी असलेलं कार्ड घालायचं, टेबलावरचं उपकरण सर्व्हरशी बोलायला लागतं आणि सगळ्यांना वाटतं, आता फक्त संख्या वाढवायची बाकी आहे. पण आकडा लाखाच्या घरात गेला की प्रश्नच वेगळे होतात. हे सिम कुणाच्या नावावर आहे? त्या देशात ते किती दिवस राहू शकतं? ज्या तंत्रावर ते चालतंय ते तंत्र बंद झालं तर पुढे काय? आणि बिघाड झाला तर तिथे कोण जाणार?

शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवतो. पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात किंवा पंपाच्या पेटीपाशी एक माणूस एकदा पाठवायचा खर्च हा त्या सिमच्या कित्येक वर्षांच्या भाड्यापेक्षा जास्त असतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावा: हा निर्णय चुकला, तर दुरुस्ती दुरून होईल की माणूस पाठवावा लागेल? माणूस पाठवावा लागणार असेल, तर त्या निर्णयाला दुप्पट वेळ द्या.

पायरी १: उपकरणाची कुंडली मांडा

ऑपरेटरला फोन करण्याआधी स्वतःकडे काही उत्तरं हवीत. उपकरण एका जागी राहणार की फिरणार? किती वर्षं चालायला हवं? बॅटरीवर की विजेवर? आवाजी कॉल लागतो का? कोणकोणत्या देशांत जाणार, आणि विकल्यानंतर मालकी कुणाची? हे एका पानावर मावतं, पण ते पान नसेल तर पुढची सगळी चर्चा अंदाजपंचे होते.

डेटाचा हिशेब मात्र अंदाजावर सोडू नका. समजा, उपकरण दर पंधरा मिनिटांनी २०० बाइट पाठवतं. दिवसाला ९६ संदेश, म्हणजे साधारण १९ किलोबाइट आणि महिन्याला ५७६ किलोबाइट. छान, एक मेगाबाइटच्या आत बसलं! आता त्याच उपकरणाने प्रत्येक संदेशासाठी सुरक्षित जोडणी नव्याने उघडली आणि प्रमाणपत्रांच्या देवाणघेवाणीत दर वेळी पाच किलोबाइट गेले असं धरा. महिन्याला १४.४ मेगाबाइट. मजकुराच्या पंचवीस पट खर्च नुसता दार उघडण्यात गेला. जोडणी टिकवून ठेवणं किंवा आधीचंच सत्र पुढे चालवणं, हा निर्णय फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्याचा असतो आणि बिल येतं खरेदी विभागाकडे. या दोघांना पहिल्याच दिवशी एका टेबलाशी बसवा.

फर्मवेअरच्या अपडेटचा डेटाही याच हिशेबात धरा. अर्ध्या मेगाबाइटची फाइल लाख उपकरणांना पाठवली की ५० गिगाबाइट होतात. सुरक्षेची अपडेट टाळता येत नाही, त्यामुळे वर्षातून दोन-तीन वेळा तरी हा खर्च धरलेला असावा.

पायरी २: देशानुसार नियमांचा तक्ता करा, सर्किट बोर्डाचं डिझाइन पक्कं होण्याआधी

बहुतेक प्रकल्प इथेच अडकतात. नियमांचं काम 'नंतर कायदा विभाग बघेल' म्हणून मागे टाकलं जातं आणि तोवर बोर्डावर चुकीच्या जातीचं सिम सोल्डर झालेलं असतं. प्रत्येक देशासाठी एक ओळ करा आणि पुढच्या गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट म्हणजे कायमस्वरूपी रोमिंग. परदेशी सिम घातलेलं उपकरण दुसऱ्या देशात वर्षानुवर्षं रोमिंगवर ठेवणं वितरणाच्या दृष्टीने फार सोयीचं असतं: एकच सिम, एकच करार. पण रोमिंगची व्यवस्था प्रवाशांसाठी झालेली आहे. ब्राझीलचा नियामक अनातेल कायमस्वरूपी रोमिंगला परवानगी देत नाही. भारतात दूरसंचार नियामक ट्रायने मार्च २०२४ मध्ये शिफारस केली की, रोमिंगवर आलेल्या एम-टू-एम (यंत्राने यंत्राशी बोलायच्या) ई-सिमचं, म्हणजे दुरून ऑपरेटर बदलता येणाऱ्या सिमचं, प्रोफाइल (त्यातली ऑपरेटरची ओळख) सहा महिन्यांत किंवा उपकरणाची मालकी बदलेल तेव्हा, यांतलं जे आधी होईल तेव्हा, भारतीय ऑपरेटरकडे वळवावं. युरोपीय संघाच्या २०२२च्या रोमिंग नियमावलीत बंदी नाही, पण घाऊक करारात कायमस्वरूपी रोमिंग रोखणाऱ्या अटी घालण्याची मुभा ऑपरेटरना आहे. अमेरिकेत तर हा विषय मुख्यतः ऑपरेटरांमधल्या करारांचाच आहे. म्हणून तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवा: 'कायदा काय म्हणतो' आणि 'करार काय म्हणतो'. कायद्याने चालतं म्हणून निश्चिंत राहावं आणि एके दिवशी स्थानिक ऑपरेटरने करारावर बोट ठेवून हजारो उपकरणं बंद करावीत, असं होऊ शकतं.

दुसरी गोष्ट, नोंदणी आणि ओळख. भारतात एम-टू-एम सेवा देणाऱ्यांसाठी नोंदणीची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली. सिम संस्थेच्या नावावर असतं, पण उपकरण प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्याची माहिती ठेवण्याची आणि ताबा बदलला की ती अद्ययावत करण्याची जबाबदारी सेवा देणाऱ्यावर येते. गाडी विकली गेली, तर तिच्यातल्या ट्रॅकरच्या नोंदीतही नाव बदललं पाहिजे. ही नोंद ठेवणारी यंत्रणा पहिल्या सिमआधी तयार हवी. लाख सिम वाटून झाल्यावर 'कोणतं कुठे आहे' हे शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं.

तिसरी, क्रमांक आणि सिमवरचे निर्बंध. भारतात एम-टू-एम सिमला १३ अंकी क्रमांक मिळतो. देशाचा ९१ हा संकेतांक धरला की पंधरा अंक होतात आणि आंतरराष्ट्रीय क्रमांकाची कमाल मर्यादाही नेमकी पंधराच आहे. तुमच्या डेटाबेसमध्ये मोबाइल क्रमांकाचा रकाना दहा अंकांचा असेल, किंवा एसएमएस पाठवणारी प्रणाली दहा अंकच स्वीकारत असेल, तर काम पहिल्याच दिवशी थांबेल. शिवाय २०१८च्या सूचनांनुसार असं सिम आधी ठरवून दिलेल्या क्रमांकांशी आणि ठरावीक इंटरनेट-पत्त्यांशीच बोलू शकतं. सर्व्हर दुसऱ्या क्लाउडवर हलवायचा झाला तर नवा पत्ता ऑपरेटरकडे आधी मंजूर करून घ्यावा लागतो, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला माहीत असावं.

चौथी, कोणती यंत्रणा कोणत्या देशात ठेवायची. तुर्कीच्या नियामकाने ई-सिमचे प्रोफाइल हाताळणारी यंत्रणा देशातच असावी असं बंधन घातलं आहे. रोमिंगवरच्या उपकरणाचा डेटा साधारणपणे मूळ ऑपरेटरच्या देशात जाऊन मग तुमच्या सर्व्हरकडे येतो. त्याने उशीर होतो ते वेगळंच, पण तो डेटा व्यक्तीशी जोडलेला असेल तर डेटा संरक्षण कायद्याचा प्रश्नही उभा राहतो.

पाचवी, कर आणि शुल्क. ब्राझीलमध्ये प्रत्येक चालू सिमवर बसवणुकीचं आणि वार्षिक शुल्क लागत असे. डिसेंबर २०२०च्या कायद्याने एम-टू-एम उपकरणांसाठी ते २०२१ पासून शून्यावर आणलं, पण मुदत घालून. महिन्याचं भाडंच अगदी थोडं असतं तिथे असं शुल्क सगळं गणित फिरवतं.

सहावी, उपकरणाची मान्यता. मंजुरी असलेलं मॉड्यूल (मोबाइल रेडिओचा तयार भाग) घेतलं म्हणजे सुटलो असं नाही. अँटेना बदलला, पेटी बदलली, की तयार वस्तूची चाचणी पुन्हा लागू शकते. यात तीन थर असतात: देशाच्या नियामकाची मान्यता, उद्योगसंस्थांची प्रमाणपत्रं आणि काही ऑपरेटरांची स्वतःची मंजुरी. सुरक्षेच्या अटी आता याच रांगेत आल्या आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ग्राहकांच्या जोडलेल्या उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देता येत नाही आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात रेडिओ उपकरणांच्या सायबर सुरक्षेच्या अटी १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्या.

हा तक्ता एकदा करून फाइलला लावून ठेवायचा नाही. त्याला मालक नेमा आणि दर सहा महिन्यांनी तो उघडा.

पायरी ३: रेडिओचं तंत्र निवडताना त्याचं आयुष्य बघा

स्थिर, थोडं बोलणाऱ्या, खोल जागी बसलेल्या उपकरणांसाठी एनबी-आयओटी, म्हणजे अगदी थोड्या डेटासाठीचं मोबाइल तंत्र. फिरणाऱ्या किंवा आवाज लागणाऱ्या उपकरणांसाठी एलटीई-एम, म्हणजे यंत्रांसाठीचं हलकं ४जी. जिथे या दोन्हींचा भरवसा नाही तिथे कॅट-१ (४जीचा कमी वेगाचा प्रकार) किंवा एका अँटेनावर चालणारं कॅट-१ बिस, कारण ते साध्या ४जी नेटवर्कवर चालतं. एनबी-आयओटी आणि एलटीई-एम दोन्ही २०१६ मध्ये प्रमाणित झाली. कागदावर निवड एवढी सोपी आहे.

अडचण आयुष्याची आहे. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, व्हेरायझनने त्याच वर्षाच्या अखेरीस. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला घेतलं. युरोपात बऱ्याच ऑपरेटरांनी उलट केलं: ३जी आधी बंद केलं आणि जुन्या मीटर-अलार्मसाठी २जी राखलं. ब्रिटनमध्ये २०३३ पर्यंत २जी आणि ३जी दोन्ही संपवायचं ठरलं आहे. त्यामुळे 'जुनं आधी जाईल' हा अंदाजसुद्धा चालत नाही.

आणि नवं तंत्र म्हणजे सुरक्षित असंही नाही. जपानच्या डोकोमोने एनबी-आयओटी सेवा २०२०च्या मार्चमध्येच बंद केली आणि एटी अँड टीनेही २०२५ मध्ये आपलं एनबी-आयओटी गुंडाळलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: फक्त एनबी-आयओटी चालवणारं मॉड्यूल दहा वर्षांसाठी गाडायचं असेल, तर सेवा कधीपर्यंत चालेल हे ऑपरेटरकडून लेखी घ्या. लेखी मिळत नसेल, तर थोडे जास्त पैसे देऊन दोन तंत्रं चालवणारं मॉड्यूल घ्या.

पायरी ४: सिमची जात ठरवा

प्लास्टिकचं कार्ड बदलता येतं, पण त्यासाठी माणूस लागतो. शिवाय ते चोरीला जातं, आणि धक्क्यांनी त्याचा संपर्क सुटतो. सोल्डर केलेली ६ बाय ५ मिलिमीटरची चिप उणे ४० ते अधिक १०५ अंशांपर्यंत टिकते. पण ती बसवली की तिच्यातला ऑपरेटर दुरून बदलता आलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही त्या ऑपरेटरशी उपकरणाच्या आयुष्यभरासाठी बांधले गेलात.

दुरून बदलण्याची जुनी एम-टू-एम पद्धत, एसजीपी.०२, एसएमएसने उपकरणाला हाक मारते आणि तिच्यात एका यंत्रणेकडून दुसरीकडे जाणं किचकट आहे. एनबी-आयओटीवर एसएमएस नसला तर ती हाकच पोहोचत नाही. २०२३ मध्ये आलेल्या एसजीपी.३२ मध्ये स्क्रीन नसलेली, थोडा डेटा वापरणारी उपकरणं डोळ्यांसमोर ठेवली आहेत आणि सगळा ताफा एका ठिकाणाहून हाताळता येतो. नवा प्रकल्प असेल तर मी तिकडेच जाईन.

पण दोन गोष्टी आधी करून बघा. पहिली: नवं प्रोफाइल उतरलं, त्यावर स्विच झालं आणि तिथे नेटवर्कच मिळालं नाही, तर उपकरण आपणहून जुन्या प्रोफाइलवर परत येतं का? अँटेना काढून, टेबलावर, स्वतःच्या डोळ्यांनी हे बघा. दुसरी: कारखान्यात घातलेलं सुरुवातीचं प्रोफाइल ज्या देशात चालू होणार, तिथे पहिल्या जोडणीपुरतं तरी ते कायदेशीर आहे का?

पायरी ५: करारात काय मागायचं

दराची घासाघीस सगळेच करतात. त्यापेक्षा पुढच्या गोष्टी लेखी घ्या. गोदामात पडलेल्या सिमवर भाडं सुरू होऊ नये. कारखान्यातल्या चाचणीपुरता थोडा डेटा मोकळा मिळावा. डेटा सगळ्या सिममध्ये मिळून मोजला जावा, आणि प्रत्येक सत्राचा डेटा वर किती बाइटपर्यंत ओढून मोजला जातो तो आकडा करारात यावा. एक किलोबाइटपर्यंत ओढला, तर तुमचे २०० बाइट पाच पट मोजले जातात. तंत्र बंद करायचं असेल तर किती महिने आधी कळवणार? आणि तुम्ही निघून जाताना चिपवरचं नियंत्रण नव्या पुरवठादाराकडे सोपवायला ते बांधील आहेत का? हे शेवटचं कलम नसेल तर ई-सिमचा अर्धा फायदा गेला.

पायरी ६: झाकण लावून सिग्नल मोजा

ऑपरेटरचा नकाशा रस्त्यावरचा सिग्नल दाखवतो. तुमचं उपकरण रस्त्यावर नाही. ते जमिनीखालच्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली, कधी गुडघाभर पाण्याशेजारी आहे. झाकण उघडं ठेवून घेतलेला आकडा कामाचा नाही. उपकरण बसवा, झाकण लावा, त्यावर एक गाडी उभी करा आणि मग आकडा वाचा. सिग्नलची घट डीबीत (डेसिबेलमध्ये) मोजतात: दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते, १० डीबीला दहावा भाग उरतो. झाकणाने वीस डीबी खाल्ले तर शंभरातला एक भाग शिल्लक.

एनबी-आयओटी अशा जागीही तग धरतं, कारण तेच संकेत ते पुन्हापुन्हा पाठवतं. पण प्रत्येक पुनरावृत्ती बॅटरीतून जाते. 'जोडणी झाली' एवढंच पाहून पुढे जाऊ नका, एका संदेशाला रेडिओ किती सेकंद जागा राहिला ते नोंदवा. दहा वर्षांची बॅटरी चार वर्षांत संपण्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. रोमिंगवर असाल तर आणखी एक तपासा: उपकरणाने मागितलेली झोपेची (बॅटरी वाचवायला रेडिओ बंद ठेवायची) वेळ समोरचं नेटवर्क तशीच मान्य करतं की स्वतःची लादतं.

पायरी ७: नेटवर्कने नकार दिला की उपकरण काय करतं

हा भाग सहसा कुणी तपासत नाही आणि मैदानात सगळ्यांत जास्त वेळ हाच खातो.

सिम अजून चालू झालेलं नाही आणि बसवणाऱ्याने उपकरण सुरू केलं. नेटवर्कने नकार दिला. नकाराचं कारण क्रमांक ११ असेल, म्हणजे 'या नेटवर्कवर परवानगी नाही', तर उपकरण त्या नेटवर्कचं नाव सिमवरच्या निषिद्ध यादीत लिहून टाकतं. दोन तासांनी ऑपरेटरने चूक सुधारली, तरी उपकरण आपणहून तिकडे फिरकत नाही. वीज बंद-चालू केली तरी यादी सिमवर जशीच्या तशी राहते. कारण क्रमांक ८ असेल, तर सगळं सिमच अवैध समजून उपकरण वीज बंद-चालू होईपर्यंत गप्प बसतं. आणि नुसतेच पाच प्रयत्न फसले, तर मानक वेळापत्रकाप्रमाणे ते बारा मिनिटं थांबतं. बसवणारा तिथे घाम पुसत उभा असतो, त्याला वाटतं उपकरण मेलेलं आहे, तो ते काढून पिशवीत टाकतो आणि दुसरं लावतो. उपकरण चांगलं होतं, ते फक्त वाट बघत होतं.

म्हणून फर्मवेअरमध्ये निषिद्ध यादी पुसण्याची सोय ठेवा, पण ती दिवसातून एखाद्या वेळेपुरतीच वापरा. नाकारलेल्या नेटवर्कवर सतत धडका मारणाऱ्या उपकरणांना ऑपरेटर खपवून घेत नाहीत. नकाराचं कारण दिव्याच्या लुकलुकण्यातून किंवा बसवणाऱ्याच्या मोबाइलवर दिसू द्या. आणि सिम आधी चालू, मग बसवणूक, हा क्रम मोडू देऊ नका.

दुसरा धोका गर्दीचा. लाख मीटरांनी मध्यरात्री बाराच्या पहिल्याच मिनिटात माहिती पाठवली, तर सेकंदाला सोळाशेहून जास्त जोडण्या होतात. तेच काम चार तासांत पसरलं की सेकंदाला सात. प्रत्येक उपकरणाच्या आयएमईआय क्रमांकावरून (हा प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा ओळख-क्रमांक) त्याची स्वतःची वेळ काढा. वीज जाऊन परत आली की अख्ख्या भागातली उपकरणं एकदम जागी होतात, तिथेही हाच उशीर लावा. प्रयत्न फसला तर पुढचा प्रयत्न दुप्पट अंतराने.

पायरी ८: सिम चोरीला जाणारच असं धरून चला

जोहान्सबर्गमध्ये वाहतुकीच्या सिग्नलमध्ये मोबाइल सिम बसवली होती, म्हणजे बिघाड झाला की लगेच कळेल. २०११च्या सुरुवातीला बातम्या आल्या की, सुमारे ४०० सिग्नलमधली सिम चोरांनी काढून नेली आणि त्यांवरून मनसोक्त फोन केले. फोनचं बिल आलं ते आलंच, सिग्नलच्या पेट्या फोडल्या गेल्या त्याची दुरुस्ती वेगळी.

उपाय साधे आहेत आणि सगळे ऑपरेटरच्या बाजूने दुरून लागतात. गरज नसेल तर आवाजी कॉल बंद. एसएमएस फक्त ठरलेल्या क्रमांकांशी. खासगी एपीएन (मोबाइल नेटवर्कमधून डेटा बाहेर पडायचं दार), म्हणजे उपकरण उघड्या इंटरनेटवर दिसतच नाही. सिम विशिष्ट आयएमईआयशी बांधलेलं, दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बंद. आणि रोजच्या सरासरीच्या अनेक पट डेटा गेला तर माणसाला इशारा. आयएमईआयचं बंधन घालताना एक भान ठेवा: दुरुस्तीत मॉड्यूल बदललं की नवी जोडी नोंदवावी लागते, ती पद्धत दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात हवी.

पायरी ९: शंभर, मग हजार, मग बाकीचे

पहिली शंभर उपकरणं सोप्या जागी लावू नका. सगळ्यांत वाईट जागा निवडा: तळघर, गावाची वेस, दोन ऑपरेटरांच्या सीमेवरचा भाग. पूर्ण एक बिलाचं चक्र जाऊ द्या आणि बिलातला प्रत्येक बाइट तुमच्या सर्व्हरच्या नोंदीशी ताडून बघा. फरक आला तर कारण सापडेपर्यंत हजाराकडे जाऊ नका.

बसवताना प्रत्येक उपकरणाची एक नोंद तिथल्या तिथे व्हावी: आयएमईआय, सिमवरचा ८९ने सुरू होणारा क्रमांक, नेटवर्कमधली ओळख, जागा, झाकण लावल्यानंतरचा सिग्नल आणि ताबा कुणाकडे. बारकोड वाचून भरा, हाताने टंकू नका. वीस अंकी क्रमांक भर उन्हात टंकताना चूक होणारच.

निवृत्तीची पद्धतही आत्ताच लिहा, क्रमासकट. आधी उपकरणाकडून शेवटचं वाचन आणि साठलेल्या नोंदी मागवा. ते मिळाल्याची खात्री झाली की सर्व्हरवरचे त्याचे सुरक्षा-दाखले रद्द करा, मग ताब्याची नोंद बंद करा आणि अगदी शेवटी प्रोफाइल काढून सिम बंद करा. सिम आधी बंद केलं, तर शेवटचं वाचन घ्यायला पुन्हा माणूसच पाठवावा लागतो.